नलू, तुझ्या भरताविषयी

ईरा, निहार,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, नलूआजी नाही, मग आता गुरुवारी तू काय करतेस?" मी म्हटलं, कपाटं आवरते. ते खरं नव्हतं. त्या आधीच्या गुरुवारी मी काय केलं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण ते कॉलवर सांगता येणार नाही. इथे लंडनला माझा सकाळचा चहा चालू असतो आणि तिकडे मेलबर्नला तुमची झोपायची वेळ झालेली असते. घाईत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

आत्ताच लिहिण्याला आणखी एक कारण आहे. नलूआजीच्या अंत्यसंस्कारानंतर हॉलमध्ये चहा होता. आपल्या मराठी मंडळातल्या बायका एकेक करून तिच्या लेकीला, मीनलला, भेटत होत्या. त्यातली एक म्हणाली, "नलूताई म्हणजे पेपर प्लेट्स. इतक्या वर्षांत एकदाही विसरल्या नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीनल हसली आणि मग रडली. त्या प्लेट्सचं खरं कारण त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी कपाला हात लावून गप्प उभी राहिले.

उशीर केला तर मी हे नीटनेटकं करून लिहीन. माझ्या नीटनेटकेपणाच्या सवयीनेच हा घोळ झालेला आहे, म्हणून थांबत नाही.

तिच्याबद्दल "ती अशी होती, तशी होती" असं लिहायला बसले आणि दोन पानं फाडली. मला जमत नाही. म्हणून मी तिच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

नलू,

सुरुवात तुझ्या चुकीपासून करते. माझी पुढे येणारच आहे.

हॉस्पिटलची अपॉइंटमेंट संपवून तू किंग्ज क्रॉसला पिकॅडिली लाइनच्या ट्रेनमध्ये बसलीस, ती नेमकी उलट्या दिशेच्या. हाउन्सलोऐवजी उत्तरेकडे निघालीस आणि तुझा डोळा लागला. टर्नपाइक लेनला जाग आली. दुसऱ्या कुणीही समोरच्या फलाटावर जाऊन परतीची ट्रेन पकडली असती. तुला भूक लागली होती, म्हणून तू वर रस्त्यावर गेलीस. संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिलीस आणि कोटसुद्धा न काढता म्हणालीस, "सुधा, तिथे एक बाई दुकानाच्या खिडकीत बसून मांडे करते."

मला वाटलं तुझी शुगर खाली गेली असणार. मी आधी बिस्किट दिलं. तू ते खाता खाता सांगत होतीस: लोखंडी तवा पालथा घातलेला, पोटाकडून वर फुगलेला, खाली जाळ. लाटणं बोटाएवढं बारीक आणि हातभर लांब. खानदेशात खापर असंच पालथं घालतात. "आणि बसली पण कशी होती, माहीत आहे? एक पाय दुमडून. माझी आई बसायची तशी."

पुढच्या गुरुवारी तू मला घेऊन गेलीस. आपल्या दोघींचे फ्रीडम पास, म्हणजे म्हाताऱ्यांचे फुकट प्रवासाचे पास, नऊनंतर चालू होतात, म्हणून सव्वानऊची ट्रेन. हाउन्सलो ईस्ट ते मॅनर हाउस तासाहून जास्त, आणि मग ग्रीन लेन्सचा तुर्की दुकानांचा रस्ता पायी. ते मांडे नव्हते. पातळ पोळीच्या आत पालक आणि खारट चीज होतं. मी म्हटलं, बघ, तुझं पुरण कुठे आहे? तुला काहीच वाईट वाटलं नव्हतं. तू त्या बाईला विचारलंस, तुझं गाव कुठलं. ती म्हणाली, टर्की. तू म्हणालीस, तो देश झाला, गाव सांग. तिने हात पुसले, तुझ्याकडे नीट पाहिलं आणि एका खेड्याचं नाव सांगितलं. तू लगेच पुढचा प्रश्न टाकलास: आणि आईचं गाव?

मग दर गुरुवारी आपण जायला लागलो आणि तीच तुझी रीत ठरली. मेन्यू कार्ड उघडायचं नाही. काउंटरवर जे कोणी असेल त्याला विचारायचं, तुझ्या आईचं गाव कुठलं, आणि ती तिथे काय करायची. जे सांगतील ते मागवायचं. मला सुरुवातीला लाज वाटायची. मी आयुष्यभर लायब्ररीत काम केलेली बाई. खाजगी चौकशी कुणाची केली नाही. तू एअरपोर्टच्या किचनमध्ये तीस वर्षं विमानात जाणारे ट्रे भरलेस. तू म्हणायचीस, "मी सगळ्या जगाचं जेवण फॉइलखाली पाहिलं आहे. त्यावर फक्त 'चिकन' आणि 'व्हेज' लिहिलेलं असतं. मला आता झाकण उघडून बघायचं आहे."

लोकही सांगायचे, हे नवल. टर्कीतल्या ट्रॅबझॉनचा तो थोराड माणूस, ज्याने आधी आपल्याला कबाब विकायचा प्रयत्न केला, तो आईचं नाव निघाल्यावर आत गेला आणि स्वतःसाठी करायचा तो पदार्थ करून घेऊन आला. मक्याचं पीठ लोण्यात भाजून त्यात चीज वितळवलेलं. तू म्हणालीस, हे यांचं पिठलं. मी म्हटलं, पिठल्याला हातभर तार येत नाही. ती तार तुझ्या ताटापासून तुझ्या हनुवटीपर्यंत लोंबत होती आणि तू माझ्याशी वाद घालत होतीस. हा वाद मिटलेला नाही. पिठलं नाहीच ते.

अडानाच्या हॉटेलात आंबवलेल्या गाजराचं ते जांभळं, खारट पाणी मी रुमालात थुंकलं. तू माझाही ग्लास संपवलास. हातायकडची ती गरम चीजची मिठाई मी दोनदा मागवली आणि वहीत "एकदा" असं लिहिलं, हेही आज सांगून टाकते.

वहीवरूनही आपलं कधी जमलं नाही. मी गावं अक्षरक्रमाने लावली होती: अडाना, आंतेप, उर्फा, कायसेरी. प्रत्येकाला एक पान, पदार्थ, तारीख, शाकाहारी की नाही. तू म्हणायचीस, गावं काय रांगेत उभी करतेस शाळेसारखी, आयांची नावं लिही. मी लिहिली नाहीत. आता वही उघडली तर उर्फाच्या पानावर पदार्थ आहे, तारीख आहे, आणि आपल्याला तो खाऊ घालणाऱ्या माणसाच्या आईचं नाव मला आठवत नाही. तुला आठवलं असतं.

एमिनेची खानावळ आपल्याला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सापडली. ईरा, निहार, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. साठीची, ठेंगणी, हाताला नेहमी लसणाचा वास. पाच टेबलं, मागे लांबट शेगडीत कोळसे. तिची आई आंतेपची. तुला ती पहिल्या दिवसापासून नालू आब्ला म्हणायला लागली. आब्ला म्हणजे मोठी बहीण. मी वही काढून बसले म्हणून मला होजा, म्हणजे मास्तरीण. तू खूश. "बघ, मला नातं मिळालं आणि तुला नोकरी."

तिच्याकडे आपण पुनःपुन्हा जायला लागलो. नियमाप्रमाणे एका ठिकाणी एकदाच जायचं होतं. नियम माझा होता, तो तू मोडलास. ईदच्या आधी तिच्याकडच्या बायका टेबलाभोवती बसून तांदूळ-खिम्याचे हरभऱ्याएवढे गोळे वळायच्या, दह्याच्या रश्शात सोडायला, तेव्हा तू कार्डिगनच्या बाह्या सारून त्यांच्यात बसायचीस. आणि एरवीही जेवण झालं की "जरा शेगडी बघून येते" म्हणून आत जायचीस ती अर्धा अर्धा तास. मी बाहेर वही पुरी करायचे. मला वाटायचं तू गप्पा मारतेस. थोडा राग यायचा, कारण परतीच्या ट्रेनला गर्दी होते. मी कधी उठून आत डोकावले नाही.

आता माझ्या चुकीकडे येते.

तुमचा बाबा सातवी-आठवीत असेल तेव्हाची गोष्ट, मुलांनो. आमच्या मंडळाचं दिवाळीचं जेवण चर्चच्या हॉलमध्ये असायचं. मी सेक्रेटरी. कोण काय आणणार याची यादी एका कागदावर फिरायची. नलू, तू त्या वर्षी तुझ्या गोल अक्षरात लिहिलंस: "वांग्याचं भरीत, खानदेशी. नलिनी." ते कसं होतं ते मला माहीत होतं. तुझ्या मागच्या अंगणात एकदा खाल्लं होतं. हिरवी मोठी वांगी जाळावर काळी करायची, लाकडी भांड्यात ठेचायची, मिरची-लसूण, भाजलेले दाणे, कांद्याची पात. तोंडाला आग आणि बोटांना धुराचा वास. मी तीनदा घेतलं होतं.

तरी मी ते खोडलं. पट्टी लावून एक सरळ रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, "पेपर प्लेट्स." तुला सांगितलं की लहान मुलांना तिखट होईल, हॉलचा फायर अलार्म नाजूक आहे. भरीत तू घरी भाजून आणणार होतीस. अलार्मचा काय संबंध? तू हे बोलली नाहीस. "बरं," म्हणालीस.

खरं कारण असं की त्या वर्षी कौन्सिलचे पाहुणे येणार होते. गळ्यात साखळी घातलेले मेयर, त्यांची बायको. मला त्यांच्यापुढे पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि श्रीखंड असं पांढरं-पिवळं, नीट ताट ठेवायचं होतं. महाराष्ट्र म्हणजे हे, असं सांगायचं होतं. त्यात ते काळपट, ठेचलेलं, गावाकडचं भरीत मला बसवता येईना. मी पुण्याची, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. गावाकडचं हा शब्द मी तेव्हा मनातसुद्धा उच्चारला नसेल, पण तोच होता.

त्यानंतर दर वर्षी यादी तुझ्यापर्यंत आली की तू स्वतःच लिहायचीस, पेपर प्लेट्स. दर वर्षी. मी सेक्रेटरीपद सोडलं तरी. लोकांना वाटायचं, तुला स्वयंपाकाचा कंटाळा.

तू एकदाच तो विषय काढलास. ग्रीन लेन्सवरून परत येताना, ॲक्टन टाउनच्या आधी. म्हणालीस, "चाळीस वर्षं बाहेर मी इंडियन आहे आणि मंडळात महाराष्ट्रीयन. माझ्या आईचं गाव या देशात मला कुणी विचारलं नाही."

मी म्हटलं, "मग सांगायचं ना."

"सांगितलं होतं की एकदा. लिहून."

मी पर्समधून शब्दकोडं काढलं, नलू. पेन शोधत राहिले. आपल्या स्टेशनाच्या अलीकडच्या ऑस्टरलीपर्यंत शोधत राहिले. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस, आणि मग तूच म्हणालीस, "चार आडवं काय आहे, वाच." तू मला सोडवलंस, आणि मी सुटले. तुला सॉरी म्हणायला त्यानंतर मला दोन वर्षं मिळाली. दर आठवड्याला जाऊन-येऊन दोन तासांहून जास्त, शेजारच्या सीटवर.

शेवटच्या फोनवर तू टर्कीतल्या कार्स गावाबद्दल बोलत होतीस. उत्तर लंडनमधल्या एडमंटनला कार्सचा एक आचारी आल्याचं एमिनेने सांगितलं होतं. तिकडचं चीज, तिकडचा मध. मी बसचे नंबर काढून ठेवले होते. "गुरुवारी," म्हणालीस. सोमवारी पहाटे मीनलचा कॉव्हेंट्रीहून फोन आला.

तो गुरुवार मी घरात बसून काढला. त्याच्या पुढच्या गुरुवारी सव्वानऊची ट्रेन पकडली. तुझा तेरावा अजून व्हायचा होता. मला फक्त एमिनेला सांगायचं होतं. तिचा नंबर तुझ्या फोनमध्ये होता, माझ्याकडे नव्हता. तेवढं सांगून परत यायचं, असं ठरवून निघाले होते.

दारातून मी एकटी आत आलेली बघूनच ती समजली. तिने माझे दोन्ही हात धरले. मग काही न बोलता दाराची पाटी उलटी केली, बंदची, आणि मला आत किचनमध्ये नेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मोठ्या पातेल्यात लोणी टाकलं, पाठोपाठ रवा.

मला कळेना. मग लक्षात आलं की ती शिरा करते आहे. तिच्याकडे माणूस गेल्यावर शिरा करतात. घरातले, शेजारचे एकेक करून रवा हलवतात, आणि ज्याच्या हातात डाव असेल त्याने गेलेल्या माणसाला आठवायचं, जे म्हणायचं ते म्हणायचं. हात थांबवायचा नाही.

आणि मी काय केलं असेल? मी तिला नियम सांगितला. म्हटलं, आमच्यात हा सत्यनारायणाचा प्रसाद. माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत गोड करत नाहीत, मला चालणार नाही. ती रवा हलवत होती. वर न बघता म्हणाली, "होजा, तुमच्यात तुम्ही करू नका. इथे मी करते आहे. ती माझीही होती."

माझ्या हातात पुन्हा एकदा पट्टी होती, नलू. पुन्हा एक सरळ रेघ मारायला मी निघाले होते, तुझ्याच नावावर.

मी कोट काढला. एमिनेने तुझ्यासाठी तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटलं, हसली, डोळे पुसले आणि डाव माझ्या हातात दिला. रव्याला नुकता वास सुटायला लागला होता. मी मराठीत बोलले, मोठ्याने, कारण तिथे कुणाला कळणार नव्हतं आणि तुला ऐकू जायला हवं होतं. म्हटलं, "नलू, तुझं भरीत मी खोडलं. तिखटामुळे नाही. मला त्याची लाज वाटली. भरतात काही कमी नव्हतं, कमीपणा माझ्यात होता." एवढंच. मधे मी थांबले असणार, कारण एमिनेने माझ्या मनगटावर हात ठेवून डाव फिरता ठेवला. तांबूस रंग यायला बराच वेळ लागला. तिने वरून गरम साखर-दूध ओतलं, झाकण ठेवलं.

ते मुरेपर्यंत तिने मला बाहेरच्या आपल्या टेबलावर बसवलं आणि समोर एक बशी ठेवली. भाजलेलं वांगं. त्यांच्याकडे ते रोज भाजतात, दह्यात घालतात, टोमॅटोत घालतात, म्हणून मी नीट पाहिलंच नाही. घास तोंडात गेला आणि मला ठसका लागला. मिरची, लसूण, दाणे, कांद्याची पात. दात आणि दाणा यांच्यामध्ये धुराचा तो वास.

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "नालू." पदार्थाचं नाव सांगितल्यासारखं. मग कळलं की ते पदार्थाचंच नाव आहे. दर गुरुवारी तिच्या शेगडीवर तू हेच करत होतीस. तिला शिकवलंस, तिच्या आचाऱ्यांना शिकवलंस. गिऱ्हाइकांसाठी नाही, दुपारी दुकानातली माणसं जेवतात तेव्हासाठी. ते एकमेकांना विचारतात, आज नालू आहे का? एमिनेने मला फळीवरची बरणी दाखवली. हाउन्सलोच्या दुकानातले शेंगदाणे, आणि बरणीवर चिकटपट्टीखाली तुझ्या गोल अक्षरातली चिठ्ठी: "दाणे. भाजूनच घालणे." ते तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर म्हणाली, माहीत आहे, मी भाजूनच घालते.

मला का सांगितलं नाहीस, हे मी तुला विचारणार नाही. मीच सांगते. सांगितलं असतंस तर मी ते वहीत लिहिलं असतं, खानदेशच्या "ख" मध्ये, तारखेसकट. आणि तुला ते माझ्या कुठल्याही यादीत पुन्हा द्यायचं नव्हतं. त्यात राग किती आणि खोडसाळपणा किती, एवढं मात्र विचारावंसं वाटतं. परतीच्या ट्रेनमध्ये मी तुझा हसरा चेहराच बघत आले.

शिरा मी खाल्ला. चांगला होता. आपल्यापेक्षा रवा जास्त भाजतात.

मीनलला मी सगळं सांगितलं आहे, प्लेट्सचंसुद्धा. ती म्हणाली, "सुधामावशी, पुढच्या गुरुवारी मी येऊ?" आम्ही जाऊन आलो. तिने एमिनेला सांगितलं, माझ्या आईच्या आईचं गाव फैजपूरजवळ. एमिनेने दोनदा म्हणून घेतलं, फैजपूर, फैजपूर. मी ते वहीत लिहिलं आहे, नव्या पानावर, कायसेरीच्या मागे रांगेत नाही, अगदी पहिल्या पानावर. क्रम मोडला. खाली तुझ्या आईचं नाव आहे, मीनलने सांगितलेलं: सरूबाई.

ईरा, निहार, तुम्ही इथे याल तेव्हा मी तुम्हाला नेईन. नलूआजी राहिली नाही. तिचं भरीत आहे. ग्रीन लेन्सवर एमिनेच्या शेगडीवर दर गुरुवारी दुपारी ते होतं, आणि बरणीत अजून अर्ध्यापर्यंत दाणे आहेत.